पंधरावा फॉर्म

"इथे सही कर," मी म्हणालो, "आणि मागच्या पानावर एक. बाकी सगळं मी भरलंय."

बायको इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली, हात पुसले आणि कागद घेतला. न वाचता सही करणं तिच्या स्वभावात नाही. बँकेचा कागद असो की कुरिअरवाल्याची चिठ्ठी, ती आधी चष्मा शोधणार, मग तो पुसणार, मग वाचणार. मी घड्याळाकडे बघत उभा राहिलो.

"हा तुमच्या कॉलेजचा फॉर्म आहे."

"हो."

"प्रवेशाचा."

"हो गं."

"कुणाचा प्रवेश?"

"तुझा," मी म्हणालो आणि हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ती हसली नाही. "माझ्या वयाला चालतं?"

"वयाची अटच नाही नियमात. शाळेची शेवटची परीक्षा पास पाहिजे, ती तू आहेस. साहेबांनी प्रत्येकाला पंधरा फॉर्म आणायला सांगितलेत. माझे चौदा झाले, एक कमी पडतोय."

"मुलं मिळत नाहीयेत का कॉलेजला?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर बस चुकली असती.

तिने फॉर्म उलटा केला. मागे एक चौकट होती. 'आपणांस या महाविद्यालयात का शिकावयाचे आहे? दहा ओळींत लिहा.' चौकट कोरी होती. चौदाही फॉर्मांत ती कोरीच होती.

"हे राहिलंय."

"राहू दे. चालतं तसं."

"असं कसं चालेल? विचारलंय ना त्यांनी." तिने फॉर्म घडी न घालता कपाटावर ठेवला. "दोन दिवस द्या मला."

मी दिले. ऑफिसातल्या बाकीच्यांचेही यायचे होतेच.

आता खरं काय होतं ते सांगतो. तेहतीस वर्षं मी कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे. खिडकीच्या आत मी आणि बाहेर रांग. फॉर्म घ्यायचा, तपासायचा, रजिस्टरला चढवायचा आणि हाताने पोहोच लिहून द्यायची. 'आपला अर्ज मिळाला', खाली तारीख, क्रमांक आणि सही. "पोहोच जपून ठेवा," हे मी इतक्या लोकांना सांगितलं की पोरं मला पोहोचकाका म्हणू लागली. पुढे प्राध्यापकही म्हणू लागले. माझं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं.

आमचं कॉलेज साधं. दहा मुलांनी अर्ज केला तर आठांना घ्यायचं. उरलेल्या दोघांना मी पत्र पाठवायचो आणि खाली हाताने एक ओळ लिहायचो, 'पुढील वर्षी जरूर प्रयत्न करावा.' काही जण करायचेही. त्यातला एक आज आमच्याकडेच रसायनशास्त्र शिकवतो आणि अजून मला ते पत्र दाखवून चिडवतो.

मग प्राचार्य म्हणून नवे साहेब आले. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी भिंतीवर दोन आकडे दाखवले. पुलापलीकडचं कॉलेज दहात एक घेतं. आपण दहात आठ. "लोक कुठल्या दारापुढे रांग लावतात?" साहेबांनी विचारलं. "जे उघडं असतं त्यापुढे नाही. जे बंद असतं त्यापुढे."

"पण सर, जागा तर साडेचारशेच आहेत," मी म्हणालो. "नाकारायला आणायची कुठून मुलं?"

"बरोबर प्रश्न विचारलात," साहेब म्हणाले. त्यांना माणसाला चढवून ठेवायची कला अवगत होती. "जागा वाढवायच्या नाहीत, कमी करायच्या नाहीत. अर्ज वाढवायचे."

आणि अर्ज वाढले. फॉर्मची फी रद्द झाली. आठ पानांचा फॉर्म दोन पानांवर आला. अर्धवट भरलेलाही अर्ज म्हणून मोजायचा, असं ठरलं. कुणी कॉम्प्युटरवर नाव टाकून मध्येच कंटाळून उठून गेला तरी तो आमचा उमेदवार. आणि शेवटी, शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत प्रत्येकाने ओळखीपाळखीचे पंधरा अर्ज आणायचे. हे अर्ज खऱ्या मुलांच्या आड येऊ नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यात निळा ठिपका लावायचा. ठिपकेवाला अर्ज कुणी वाचायचा नाही. तो मोजायचा आणि नाकारायचा.

माझ्या पंधरांत कोण नव्हतं! आमचा केस कापणारा होता. शेजारचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा होते, ते सही करताना म्हणाले, "हॉस्टेल मिळेल ना रे? सूनबाईला बरं वाटेल." माझा मेहुणा होता, जो स्वतः दुसऱ्या कॉलेजात प्राध्यापक आहे. सगळ्यांना ठाऊक होतं की ही गंमत आहे. एकीला सोडून.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने फॉर्म माझ्या डब्याशेजारी ठेवला. चौकट भरलेली होती, हे मी वरवर पाहिलं. तिचं अक्षर छोटं आणि उभं आहे, माझ्या अक्षरापेक्षा कितीतरी चांगलं. मी फॉर्म बॅगेत सरकवला.

"वाचलंत?"

"वाचतो ऑफिसात."

ऑफिसात गेलो तर खिडकीपुढे ही झुंबड. मी पंधरा फॉर्म काढले, पत्ते पिसावेत तसे सारखे केले, आणि निळ्या पेनाने कोपऱ्यात टिक टिक टिक करत गेलो. पंधरावा ठिपका माझ्या हाताने लागला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. थांबून एक फॉर्म बाजूला काढायला किती वेळ लागला असता?

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीला आम्ही चिमणी म्हणतो, कारण ती काम करताना अखंड बोलत असते. तिने गठ्ठा हातात घेऊन तोलला. "काका, तुमचे पंधरा पूर्ण? शाबास. काय मजा आहे ना? जागा तेवढ्याच, बाकं तीच, मास्तर तेच. फक्त नाही म्हणायला माणसं जास्त."

मी हसलो. त्या महिन्यात मी फार हसलो.

घरी मात्र काहीतरी चाललं होतं आणि मला ते दिसूनही कळत नव्हतं. बायको सकाळचं काम आटपून मुलीची जुनी पुस्तकं काढून बसायची. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तिची पुस्तकं माळ्यावर होती. मला वाटलं, वेळ जात नसेल. मग चष्म्याचा नंबर तपासून आली. मग एका रविवारी दोरीवर मुलीची कॉलेजची पिशवी वाळत घातलेली दिसली. खाकी कापडाची, लांब पट्ट्याची, पुढे एक छोटा कप्पा असलेली.

"ही कशाला काढलीस?"

"धूळ बसली होती," ती म्हणाली.

मला तेव्हा तरी कळायला हवं होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट आहे. ती शाळेत पहिली आलेली, पण वडील अंथरुणाला खिळले आणि शिक्षण तिथेच थांबलं. तिला तीन स्थळं आली होती. त्यातलं एक तर घरचा व्यापार असलेलं. तिने मला पसंत केलं. का, तर मुलगा कॉलेजात नोकरीला आहे. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं होतं, "लग्नानंतर शिकता येईल का?" आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "खिडकीत मीच असतो. कोण अडवतंय?"

कुणीच अडवलं नाही. आधी मुलगी झाली, मग माझी आई आजारी पडली. आई अकरा वर्षं आजारी होती आणि त्या अकरा वर्षांत तिला कूस बदलून देणारे हात माझे नव्हते. मग मुलीची परीक्षा, मुलीचं लग्न. बायकोने पुन्हा कधी विषय काढला नाही आणि मीही नाही. इतकी वर्षं परक्यांच्या मुलांना वाकून वाकून फॉर्म दिले, घरी एक आणला नाही. आणि शेवटी आणला तो नाकारण्यासाठी.

यादी लागली त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा दिला. साडेचार हजारांवर अर्ज, साडेचारशे प्रवेश. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या इमारतीचा फोटो आणि वर मथळा, 'दहात एक!' साहेबांनी तो कापून दारावर चिकटवला. इमारत तीच होती. मागचं छत अजूनही गळत होतं.

नकाराची पत्रं चार हजार. ती मशीननेच छापली, मशीननेच घडी घातली. खाली 'प्रवेश विभागाकरिता' म्हणून माझ्या सहीचा रबरी शिक्का. हाताने ओळ लिहायचा प्रश्नच नव्हता. पोहोच देणंही बंद झालं होतं. "मेसेज जातो की," साहेब म्हणाले. पोहोचीचं शेवटचं पुस्तक मी घरी घेऊन आलो होतो, उगाच, रद्दीत जाऊ नये म्हणून.

त्या शुक्रवारी मी घरी आलो तेव्हा बायकोने नेहमीसारखा चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर तिने एक लिफाफा माझ्यासमोर ठेवला. लिफाफा ओळखायला मला उघडावा लागला नाही.

"ही सही तुमचीच ना?" तिने विचारलं.

"शिक्का आहे तो," मी म्हणालो.

"तेच. मला वाटलं तुम्हीच केलीत की काय." ती जरा हसली. "पेपरात वाचलं मी, दहात एक घेतात म्हणून. एवढी हुशार मुलं आल्यावर माझं काय होणार होतं? मी आपली उगाच..."

मी लिफाफा उलटा करून ठेवला.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं," ती म्हणाली. "उलट मला बरं वाटलं. तुम्ही आत असूनही वशिला लावला नाहीत. दुसऱ्या कुणी लावला असता."

आणि ती कपबश्या उचलून आत गेली. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी शनिवारी ती बाजारातून आली तेव्हा खांद्यावर ती खाकी पिशवी होती. आत बटाटे होते.

सोमवारी मी ऑफिस उघडायच्या आधी पोहोचलो. नाकारलेल्या फॉर्मांचे गठ्ठे जिन्याखालच्या खोलीत टाकले होते. कॉम्प्युटरवर नाव टाकलेल्यांचा कागद नव्हताच आणि ठिपकेवाले वेगळे बांधलेले होते. तरी दीड हजार होते. चिमणी आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो.

"काका, काय शोधताय?"

"एक फॉर्म."

"कुणाचा?"

"माझ्या बायकोचा."

चिमणी पहिल्यांदा गप्प झाली. तिने पर्स बाजूला ठेवली आणि दुसरा गठ्ठा सोडायला घेतला. फॉर्म तिलाच सापडला. तिने तो न वाचता माझ्या हातात दिला.

मी तिथेच, जिन्याखाली, बायकोच्या दहा ओळी वाचल्या. तिने मोठं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की तिला इतिहास शिकायचा आहे, कारण मुलीला शिकवताना ती प्रत्येक धड्याच्या पुढे काय झालं ते शोधत राहायची आणि पुस्तक तिथेच संपायचं. लिहिलं होतं की घरातल्या आजारी माणसाला ती रोज दुपारी वाचून दाखवत असे. त्यामुळे वाचायची सवय मोडलेली नाही, लिहायची मोडली आहे, पण ती लागेल. आणि असं की, वर्गात मागच्या बाकावर बसायला तिची हरकत नाही.

दहा ओळींच्या खाली, चौकटीच्या बाहेर, अगदी बारीक अक्षरात अकरावी ओळ होती. 'माझे यजमान याच कार्यालयात आहेत. कृपया माझ्या अर्जाचा विचार करताना हे लक्षात घेऊ नये.'

तिच्या इच्छेप्रमाणेच झालं होतं. काहीच लक्षात घेतलं नव्हतं.

मी फॉर्म घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी वाचला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पूर्ण वाचला. मग कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा कुणी लावला?"

"मीच."

"मग?" त्यांचा आवाज मऊ होता. "पोहोचकाका, यादी लागली. आता एक नाव घुसवलं तर उद्या पंचवीस जण येतील, आमच्याही घरचे अर्ज खरे होते म्हणून. पुढच्या वर्षी भरा. ठिपका न लावता भरा. मी स्वतः बघेन."

"गेल्या वर्षी भरला असता तर झाला असता, सर. दहात आठ घेत होतो आपण."

"गेल्या वर्षी का नाही भरला?"

मी फॉर्म उचलून घेतला. त्या प्रश्नासाठी मी साहेबांना दोष देऊ शकत नाही.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको बाजारात निघायच्या तयारीत होती, पिशवी खांद्याला. मी तिला बस म्हणालो. माझा चेहरा बघून ती पिशवीसकट बसली. मग मी सगळं सांगितलं. पंधरा अर्ज कशासाठी, ठिपका कसला आणि तो कुणी लावला. माझं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कुणी वाचलंच नाही."

"मी वाचलं. आज."

"आज." तिने तो शब्द नुसता परत केला. मग विचारलं, "दहा ओळी नीट झाल्या होत्या?"

"अकरा होत्या."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, रडतेय. ती पिशवीच्या पट्ट्याचा दोरा ओढत होती.

"म्हणजे मी नापास नव्हते," ती म्हणाली.

"नाही. नापास मी आहे. तुझ्याशी मी फार वाईट वागलो. आत्ता नाही, पहिल्यापासून." हे एकतीस वर्षांत मी प्रथमच म्हणत होतो आणि म्हणताना मला कळत होतं की याला फार उशीर झालाय. "पुढच्या वर्षी भर. मी स्वतः खिडकीतून घेईन. साहेबांनीही शब्द दिलाय."

"नको."

"अगं, खरंच घेतील."

"घेतीलही. पण साहेबांनी शब्द दिलाय म्हणून घेतील." ती शांतपणे बोलत होती आणि ते मला सहन होत नव्हतं. "इतकी वर्षं तुमच्या कॉलेजवरून जाताना मी हळू चालायचे, माहितीये? वाटायचं, आत काहीतरी वेगळं चालत असेल. आता कळलं ना काय चालतं. आता नाही जावंसं वाटणार."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मला पोहोच दिली नाहीत तुम्ही."

"काय?"

"फॉर्म दिला होता मी. सगळ्यांना देता ना?"

मी कपाटातून ते शेवटचं पुस्तक काढलं. अक्षर जमेल तितकं चांगलं काढलं. तिचं पूर्ण नाव लिहिलं. आपला अर्ज मिळाला. तिने फॉर्म दिला त्या दिवसाची तारीख घातली आणि शिक्का नव्हे, सही केली. पान फाडून तिला दिलं.

तिने चष्मा काढला, पुसला, लावला. उभ्याउभ्या दोन ओळी पूर्ण वाचल्या. मग पोहोचीची नीट घडी घालून पिशवीच्या पुढच्या छोट्या कप्प्यात ठेवली, जिथे मुलगी आपलं ओळखपत्र ठेवायची.

"कांदे संपलेत," ती म्हणाली. "आणखी काही आणायचंय का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. ती पिशवी खांद्यावर सारखी करून जिना उतरू लागली.